पाच पायांनी चालणारं जनावर

शालिकरामला एका जागी बसवत नसे. रिठदच्या लोकांना त्याची सवय होती. चावडीवर चार माणसं टेकली की हा खांबाला धरून उभा. पंगतीत सगळे मांडी घालून जेवायचे, हा उकिडवा, जणू कुणी हाक मारली तर ताटावरूनच निघायचा आहे. पण एकोणीसशे एकोणतीस सालच्या माघात त्याची ही चुळबूळ वेगळीच झाली. सकाळी मोट हाकून झाली की तो आपल्या मळ्याच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चढायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालायचा, ओठ हलवत. मधेच थांबून ढेकूळ उचलायचा आणि धुऱ्यावर मांडलेल्या तीन ढिगांपैकी एकावर ठेवायचा.

त्याची बायको तुळसाबाई वांगी तोडता तोडता हे पाहत होती. चौथ्या दिवशी तिला राहवलं नाही.

"अवो, धुरा झिजून राह्यला! बसा ना घडीभर."

"बसून इचार होत नाही मले."

"चालून तरी कुठी होऊन राह्यला? अन् हे ढेकळं कायचे मांडले? देव बसवता का?"

"एक ढीग पाह्यलेल्याचा, एक आयकलेल्याचा, अन् एक म्या आपल्या मनानं जोडलेल्याचा."

तुळसाबाईनं तिन्ही ढिगांकडे पाहिलं. तिसरा सगळ्यांत मोठा होता. ती पुन्हा वांग्यांत वाकली.

या सगळ्याचं मूळ कोर्टाच्या समन्सात होतं. येत्या सोमवारी वाशीमला त्याला साक्ष द्यायची होती. शेजारच्या मळ्याची गोजराबाई विधवा बाई. तिचा नवरा चंपत आणि मोठा दीर उकंडराव यांनी अकरा वर्षांपूर्वी वाटणी केली. जमीन वाटली, विहीर मात्र एकच राहिली. ठरलं असं, की एक दिवस मोट उकंडरावाची, दुसरा दिवस चंपतची. शिवाय चैत-वैशाखात विहीर तळाला गेली की रात्रभरात जे पाणी साचतं, ते पहाटेचं पाणी रोज चंपतनं घ्यायचं, मग पाळी कोणाचीही असो, कारण जमिनीत त्याचा वाटा लहान होता. चंपत जिवंत होता तोवर सगळं सुरळीत चाललं. तो गेला, आणि दुसऱ्याच वर्षी उकंडरावानं गोजराबाईचे बैल विहिरीवरून हाकलले. विहीर आपली एकट्याची आहे, धाकट्या भावाला आपण मायेनं पाणी देत होतो, असं त्याचं म्हणणं. कागद झालेला नव्हता. वाटणीच्या वेळी तिसरा माणूस हजर होता तो एकच, शालिकराम. तो नीट बोलला तर गोजराबाईची वांगी-मिरची जगणार, नाही तर तिला मळा सोडून मजुरीला जावं लागणार.

हे सरळ होतं. वाकडं होतं ते शालिकरामचं नाव. गावात त्याला कोणी खोटारडा म्हणत नसे, पण त्याचं बोलणं खरं धरावं असंही कोणाला वाटत नसे. आणि ते जनावरांमुळे.

संवत छप्पनच्या, म्हणजे एकोणीसशे सालच्या दुष्काळात पोरवयात तो घर सोडून गेला आणि फिरत फिरत मुंबईच्या एका घोड्यांच्या व्यापाऱ्याकडे सईस, घोड्यांची निगा राखणारा, झाला. तिथं त्याला एक विद्या साधली. घोडा चालताना पाहून, किंवा नुसता टापांचा आवाज ऐकून, कोणत्या पायात दुखणं आहे हे तो सांगायचा. डोळा असा तयार झाला की कोणतंही चालणारं जनावर दिसलं की त्याची नजर आधी पायांवर जायची. एकोणीसशे नऊ साली व्यापाऱ्यानं त्याला घोडे आणायला बोटीवर घातलं आणि तो थेट ऑस्ट्रेलियात उतरला. उतरताना तिथल्या सरकारी माणसांनी ओळखीसाठी शाईत बुडवून त्याच्या हाताचा पंजा कागदावर उमटवून घेतला. मग किनाऱ्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर, एका मोठ्या कुरणात, घोडे जमेपर्यंत चार महिने मुक्काम पडला. तिथं त्यानं जी जनावरं पाहिली ती त्याच्या डोळ्यांतून कधी गेली नाहीत. पायांचे जे नियम त्याला ठाऊक होते, ते त्यांतलं एकही जनावर पाळत नव्हतं.

बाप वारला तेव्हा तो गावी परतला आणि बापाच्या भाजीच्या मळ्यात राबू लागला. सुरुवातीला त्यानं पाहिलं तेवढंच सांगितलं. मग आला शिमगा. रिठदला शिमग्यात सोंगं निघायची. कोणी अस्वल व्हायचं, कोणी वाघ. पोरांनी शालिकरामला ओढलं, "तुमचं ते उड्या मारणारं होऊन दाखवा." त्यानं दाखवलं. लोक लोळून हसले. पुढच्या वर्षी लोकांना जास्त हवं होतं. मग जनावर आठ हात उंच झालं. झाडावरून झाडावर तरंगत जाणारं खारीएवढं जनावर वासराएवढं झालं. साळिंदरासारखं काटेरी, मागचे पाय उलटे असलेलं एक जनावर होतं. उलटे पाय म्हणताच बायका एकमेकींना चिकटल्या, कारण उलटे पाय असतात ते हडळीचे. चंपतच्या म्हाताऱ्या आईनं तर दुसऱ्या दिवशी शालिकरामच्या दंडाला काळा दोरा बांधला. तेव्हा त्याला चेव आला आणि पुढच्या शिमग्याला ते जनावर हसूही लागलं. अशी अठरा वर्षं गेली.

आता उकंडरावानं नेमकं हेच धरलं. मागच्या बाजाराच्या दिवशी पालांच्या मधोमध त्यानं शालिकरामला गाठलं.

"काय गा शालिक, येतं ना वाशीमले? माह्या वकिलानं तुया जनावराईची यादी मांगतली हाय. म्या लिहून देल्ली. हसणारं साळिंदर बी लिवलं."

बाजूचा मिरचीवाला फिदीफिदी हसला.

"इहिरीची गोठ अन् जनावराची गोठ, दोनी येगळ्या हायत उकंडराव."

"तोंड त एकच हाय ना!" उकंडराव म्हणाला आणि कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून पुढे गेला.

त्या दिवसापासून शालिकरामचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका प्रश्नानं त्याला पोखरायला घेतलं. आपण खरंच काय पाहिलं होतं? हसणं आपण जोडलं, हे ठीक. वासराएवढं हेही जोडलं. पण ते मोठं जनावर पाण्यात पडलं की मागचे दोन्ही पाय आळीपाळीनं मारतं, जमिनीवर मात्र ते पाय जोडीनंच उचलतं, हे पाहिलेलं की कोणी सांगितलेलं? तो फेऱ्या मारायचा. मग एकदम नदीचा तो गढूळ काठ दिसायचा, मागे लागलेले कुत्रे, पाण्याबाहेर धरलेलं जनावराचं डोकं आणि पाण्याखालचे पाय, एक मागे, एक पुढे. पाहिलेलं! ढेकूळ पहिल्या ढिगावर. अंडी घालून पिलाला दूध पाजणारं ते चोचीचं जनावर? ते तर कुरणावरच्या स्वयंपाक्यानं सांगितलं होतं. दुसरा ढीग. हळूहळू त्याला एक खूण सापडली. जे पाहिलेलं होतं त्याचे पाय दिसायचे. जे ऐकलेलं किंवा जोडलेलं होतं त्याला पाय नसायचे, नुसतं तोंड असायचं.

रविवारी गोजराबाई आली. कमरेला पदर खोचलेला, हाताला माती.

"शालिकभाऊ, तुमी चार दिसापासून पिसाळल्यावानी फिरून राह्यले म्हणे. उद्या धड बोलसान ना?"

"बोलतो ना वयनी."

"आपला वकील म्हणे, जनावराईचं काढलं त 'मस्करी होती' म्हणजा अन् मोकळं व्हजा. ध्यानात ठेवा बरं. माह्यासाठी येवढं करा."

"पण ते मस्करी नोती."

"मंग काय होतं?" ती एकदम चिडली. "भाऊ, ते जनावरं सात समिंदरापल्याड हायत. त्याईले कायचा फरक पडते? माहे वांगे इथं हायत."

तिचं चूक नव्हतं. म्हणूनच शालिकरामला जास्त अवघड झालं.

सोमवारी पहाटेच छकडा निघाला. गोजराबाई आत बसली, शालिकराम अर्ध्याहून जास्त वाट चालतच आला. वाशीमच्या कोर्टाच्या आवारातही तो कडुलिंबाभोवती फिरत राहिला. शिपायानं त्याला दोनदा हटकलं.

पुकारा झाला. मुन्सफ नागपूरकडचे होते, चष्मा लावलेले, कमी बोलणारे. शपथ झाली. हा साक्षीदार भरवशाचा आहे का ते आधी तपासू द्यावं, अशी मुन्सफांची परवानगी घेऊन उकंडरावाचा वकील उठला आणि विहिरीचं नावही न काढता त्यानं विचारलं, "शालिकराम पुंजाजी, तुम्ही शिमग्यात सोंग काढता?"

"काढतो जी."

"त्या सोंगातलं जनावर दोन पायांनी वीस हात उडी मारतं, बरोबर?"

"व्हय."

"आणि तेच जनावर पाच पायांनी चालतं?"

"व्हय."

"कधी दोन, कधी पाच. साहेब, हे लिहून घ्यावं. शिवाय एका जनावराचे पाय उलटे आहेत आणि ते हसतं. हसतं ना?"

मागच्या बाकांवर खसखस पिकली. शालिकरामनं पाहिलं, गोजराबाईचा वकील डोळ्यांनी खुणावत होता. 'मस्करी होती' एवढे दोनच शब्द. ते त्याच्या जिभेवर आले होते. पण आत्ताच ईश्वरसाक्ष खरं सांगीन म्हणून झालं होतं, आणि त्या दोन शब्दांनी त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं सगळं खोटं ठरत होतं. ते खोटं म्हणून मग लगेच विहीर खरी म्हणायची, हे त्याच्यानं होईना. त्याचे पाय पिंजऱ्यात एकावर एक घासू लागले.

"हसत नाही साहेब," तो म्हणाला. "ते म्या जोडलं. लोकाईनं हसावं म्हणून."

वकील हसला. "ऐका! जोडलं म्हणतो."

"अन् उलटे पाय?" मुन्सफांनी मान वर न करता विचारलं.

"ते हायत. म्या पाह्यले. फकस्त मांगचे. माती मांगं फेकाले बरे पडतात. चालते तवा पाठीवर वझं असल्यावानी डुलते. अन् भेलं का पळत नाही. जागच्या जागी खाली जाते, जसा भोवरा चिखलात जाते, तसं. वर नुस्ते काटे राह्यतात."

मुन्सफांनी लेखणी खाली ठेवली. "आणि पाच पाय कसे?"

"दाखवू का साहेब? माही काठी बाहीर हाय, ते शेपटी समजा."

शिपायानं काठी आणून दिली. शालिकराम पिंजऱ्यातून उतरला. डोक्याचा रुमाल त्यानं काढून ठेवला, धोतर वर खोचलं आणि कोर्टाच्या फरशीवर ओणवा झाला. काठी कमरेला मागून खोचून तिचं टोक फरशीला रोवलं, हात पुढे टेकले. मग त्या दोन हातांवर आणि काठीवर सगळा भार घेऊन त्यानं दोन्ही पाय जोडीनं उचलले आणि हातांच्या पुढे आणून ठेवले. पुन्हा हात, पुन्हा काठी, पुन्हा पाय. तिथं कुणालाही गवत दिसत नव्हतं, पण त्याची मान खाली जाऊन चरत होती. पन्नाशीला आलेला माणूस, गुडघे वाजत होते. पहिल्या पावलाला लोक हसले. तिसऱ्या पावलाला कोणी हसत नव्हतं.

"चरताना असं," तो दम लागून म्हणाला. "शेपटी नुस्ती टेकवत नाही साहेब, तिनं रेटते. घोड्याच्या पुठ्ठ्यात जोर असते तसा जोर शेपटीत हाय. अन् पळाचं झालं का हात वर, शेपटी वर, मंग दोनच पाय. वकीलसाहेब बरोबर म्हणतात. कधी दोन, कधी पाच."

"मागे जातं?" मुन्सफांनी विचारलं.

"नाही साहेब. मांगं सरता येत नाही त्याले. वळावं लागते."

"आणखी काही पाहिलंत?"

"झाडावरून तरंगत जाणारं पाह्यलं. वासरायेवढं म्हणत होतो म्या, पण ते खारीयेवढं हाय. अंडे घालून दूध पाजणारं मातर पाह्यलं नाही. ते एका सैपाक्यानं सांगतलं. खरं का खोटं, मले ठावं नाही."

मुन्सफांनी लेखणी पुन्हा उचलली. "त्या मोठ्या जनावराचं चित्र मी शाळेत असताना पाहिलं होतं," ते म्हणाले. "ते चालतं कसं, हे चित्रात नव्हतं." मग कारकुनाला सांगितलं, "लिहा. साक्षीदार पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं करून सांगतो."

गोजराबाईच्या वकिलाचा चेहरा उजळला. तो घाईनं उठला. आता वाटणीचं विचारायचं होतं.

वाटणी तुमच्या समोर झाली? झाली. कुठं? विहिरीवर, लिंबाखाली. काय ठरलं? एक दिवस एकाचा, एक दिवस दुसऱ्याचा. उकंडरावानं काय केलं? विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं आणि अर्धी विहीर चंपतची असं म्हणून सोडलं. शालिकराम सांगत होता आणि त्याला सगळं दिसत होतं. उकंडरावाची भेगाळलेली टाच, पुढे टाकलेला डावा पाय, कोपरातून गळणारं पाणी. उकंडराव बाकावर खाली बघत होता.

"आणि चैत-वैशाखातलं पहाटेचं पाणी?"

शालिकरामनं तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. अकरा वर्षांत त्यानं ते गोजराबाईच्या ओट्यावर किती वेळा म्हटलं होतं. 'उकंडराव म्हणाला, उन्हाळ्यातलं पहाटेचं पाणी रोज तुयं.' पण वाक्य बाहेर येईना. उकंडराव ते म्हणाला तेव्हा त्याचा पाय कुठं होता? शालिकरामनं नजर लावली. पाय नव्हते. नुसतं तोंड होतं. पायांच्या जागी दुसरंच काही येत होतं. रिसोडच्या वाटेनं तांड्यावरच्या उदयसिंगाची तांबडी घोडी येत होती, मागचा डावा पाय आखूड टाकत. त्यानं ती विहिरीवरूनच पाहिली होती. आणि ओंजळीतलं पाणी जमिनीवर पडल्या पडल्या तो तिच्याकडे धावला होता. खुरात काटा होता. तो काढून संध्याकाळी तो परतला, तेव्हा चंपत त्याला वाटेत भेटला होता.

"शालिकराम?" वकिलानं पुन्हा विचारलं. "पहाटेच्या पाण्याचं तुमच्या समोर ठरलं ना?"

बाजूला बसलेल्या गोजराबाईनं हाताच्या मुठी आवळल्या होत्या. त्याला तिच्याकडे बघवेना.

"हे म्या आयकलं साहेब."

"कोणाकडून?" मुन्सफांनी विचारलं.

"चंपतकडून. त्याच सांजेले. चंपत खोटं बोलणारा माणूस नोता. पण म्या तिथं नोतो. घोडीच्या मांगं गेल्तो."

उकंडरावाच्या वकिलानं आणखी काही विचारायचं नाही म्हणून सांगितलं.

बाहेर आल्यावर गोजराबाई लिंबाखाली उभी राहिली. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं, असं शालिकरामला वाटलं.

"अकरा वर्सं तुमी माह्या ओट्यावर बसून सांगत आले का म्या होतो. आज काहून आठोलं?"

"आजच आठोलं वयनी."

"जनावराची गोठ खरी करासाठी माह्या वांग्याचं पाणी घालोलं तुमी." ती छकड्यात चढली आणि तोंड फिरवून बसली. शालिकराम सगळी वाट मागून चालत आला. या खेपेला त्याला कोणी बस म्हटलं नाही.

पाडव्याच्या आधी निकाल लागला. अर्धी विहीर गोजराबाईची, उकंडरावानं तिच्या मोटेला अडवू नये. पहाटेच्या पाण्याला पुरावा नाही. निम्मं गावलं, निम्मं गेलं. गावात लोक शालिकरामला आता वेगळ्या नजरेनं पाहू लागले, पण त्याला त्याचं काही वाटेना. उलट बाजारात उकंडरावानं सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर हात टाकला, तेव्हा त्यानं अंग चोरलं.

"खरा माणूस हायस गा तू!"

"उकंडराव, तुले त ठावं हाय ना, त्या दिशी मांगून तू काय बोलला ते? म्या नोतो. तू होता."

उकंडरावाचा हात खाली आला. "अकरा वर्साची गोठ," तो म्हणाला. "मले काल काय जेवलो ते आठोत नाही." आणि तो घाईनं पानाच्या पालाकडे वळला. त्याची चाल शालिकराम पाहत राहिला. दुखत काही नव्हतं, तरी पाऊल पुरं पडत नव्हतं. पण असल्या पुराव्याला कोर्टात कोण विचारतो?

चैत निम्मा सरला आणि गोजराबाईच्या वांग्यांनी माना टाकल्या. शालिकरामची फेरी आता त्याच बाजूच्या धुऱ्यावर व्हायची. जायचा, बघायचा, परतायचा, पुन्हा जायचा. त्याची स्वतःची विहीर लहान होती. वैशाखात तिच्यात पहाटे साचायचं ते जेमतेम दोन घटका मोट चालेल एवढं. एके दिवशी सकाळी तो फावडं घेऊन धुऱ्यावर गेला आणि मधोमध धुरा फोडायला लागला. तुळसाबाई धावत आली.

"हे काय मांडलं आता?"

"पाट काढून राह्यलो. एक दिसाआड पहाटचं पाणी तिकडं."

"अन् आपली मिरची?"

"निम्मी जगंन."

"निम्मी!" ती म्हणाली. "ते काय तुमची बहीण हाय, का कोर्टानं सांगतलं?"

त्यानं पुन्हा फावडं मारलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मग मोटेच्या बैलांकडे गेली. सोडले की जुंपले, हे त्यानं वळून पाहिलं नाही.

ऊन चढलं. पाट हातभर खोल झाला आणि पलीकडच्या मातीत शिरला. पलीकडून पावलं वाजली. गोजराबाई खुरपं घेऊन उभी होती. कोर्टाच्या दिवसापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आताही ती त्याच्याकडे पाहत नव्हती. पाटाकडे पाहत होती.

"इकून पाणी चढंन का?" ती म्हणाली. "डोळे फुटले काय? उतार तिकून हाय."

शालिकरामनं फावडं उचललं आणि ती दाखवत होती तिकडे, तिच्या विहिरीवरच्या लिंबाच्या अंगाला, नव्यानं खणायला घेतलं.